दोन टिंब वीस

६ नोव्हेंबर २००५, रविवार

आजपासून दैनंदिनी लिहायची असं ठरवलं. अनुसयाला सांगितलं तर म्हणाली, "मागच्या साली बी ठरिवलं व्हतं. त्या वहीत मी आता किराणा लिवते." बायकोचा स्वभाव असा आहे. पण या वेळी कारण मोठं आहे.

आमच्या चारीच्या पाणी संस्थेचं पाळीपत्रक गेली आठ वर्षं माझा प्रोग्राम काढतो. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यातून आमच्या चारीला, म्हणजे छोट्या पाटाला, पाणी सुटलं की कुणाच्या रानात कोणत्या दिवशी किती तास पाणी जाणार, हे त्या पत्रकावर छापलेलं असतं. औरंगाबादहून शिकून आल्यावर १९९७ साली मी तो प्रोग्राम सी भाषेत लिहिला. औंढ्याला माझा कम्प्युटरचा क्लास आहे, पोरं मला तिथे सर म्हणतातच. गावात मात्र मला सर म्हणतात ते या पत्रकामुळे. धम्मानंद हे माझं नाव आता फक्त मतदार यादीत उरलं आहे.

तर यंदा चेअरमन ज्ञानबांनी नियमच बदलला. चारीच्या शेपटाकडच्या, म्हणजे शेवटच्या रानांना गळतीपोटी जादा वेळ द्यायचा, गव्हाला एक हिशेब, हळदीला दुसरा, हरभऱ्याला तिसरा. शिवाय प्रत्येक पाळीला धरणातलं पाणी बघून पुन्हा बदल. म्हणजे दर वेळी मी सीचं पोट फाडायचं, नियम आत शिवायचा आणि कुठे टाका सुटला तर शोधत बसायचं.

भाची सत्यशीला, आमची शीला, सध्या आमच्याकडे आहे. माझी बहीण जनकाबाई, तिची ही थोरली. नांदेडला कम्प्युटरची इंजिनिअर झाली, आता नोकरीची वाट बघते आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, पूरा प्रोग्राम पायथॉनमदी लिवू. चार दिवसांचं काम हाय."

पायथॉन ही कम्प्युटरची नव्या जमान्याची भाषा. मी चहाचा कप खाली ठेवला. आठ वर्षं न चुकलेल्या प्रोग्रामबद्दल हे असं बोलतात?

माझा चेहरा बघून तिने लगेच शब्द फिरवला. "बरं, ऱ्हाऊ द्या तुमचा सी. निस्ता नियम पायथॉनमदी ठिवू. नियमाचं एक फंक्शन मी लिवते. तुमचा प्रोग्राम त्याला बोलावंल, रान किती, पीक कोनतं ते सांगंल. ते किती तास ते सांगंल आन गप बसंल."

बोलावंल, हा शब्द मला आवडला. ज्याने बोलावलं तो यजमान. म्हणजे घर माझंच राहणार.

९ नोव्हेंबर

लिनक्सची सीडी एका मासिकासोबत आली होती, ती क्लासातल्या मशीनवर चढवली. माझा प्रोग्राम तिथे आणला. तो पहिल्याच फटक्यात चालला, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

मग पायथॉनला बोलावणं धाडायला सुरुवात केली. आधी पायथॉन जागा करायचा, मग शीलाची फाइल आणायची, त्यातलं फंक्शन शोधायचं आणि मग बोलवायचं. दुसऱ्याच पायरीला उत्तर आलं, अशी फाइल नाही. फाइल त्याच फोल्डरमध्ये, माझ्या प्रोग्रामच्या शेजारी बसलेली! मी तासभर मशीनला बोलून घेतलं. शीला मागे उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मामा, सीच्या पोटातून उठवला तर तो आपल्या फोल्डरमदी बघतच न्हाई. कुठं बघायचं ते त्याला सांगावं लागतं."

सांगितलं. सापडली. तिला आधीच माहीत असावं, पण मला शोधू दिलं. लहान आहे, मोठ्यांना पटकन सांगायला बिचकते.

१२ नोव्हेंबर

आजचा दिवस सोन्याचा.

सुरुवातीला नुसतं क्षेत्र देऊन बघू म्हटलं. एकच आकडा, दोन एकर. पायथॉन घेईना. म्हणाला, टपल पाहिजे. टपल म्हणजे काय, तर देण्याच्या सगळ्या गोष्टी एकत्र बांधलेला पुडा. मी म्हटलं, अरे एकच तर गोष्ट आहे, तिला पुडा कशाला? पण त्याचा हट्ट असा की एक असो की दहा, पुड्यातच द्या. सीमधून देताना वस्तू कसली ते एका अक्षराने सांगतात, त्या अक्षराभोवती कंस घातला की पुडा होतो. कंस नसला की नुसता आकडा हातावर राहतो आणि पायथॉन तोंड फिरवतो.

घरी हे सांगितलं तर अनुसया म्हणाली, "मंग बराबर हाय त्याचं. साकरपुड्याला कोनी चिमूटभर साकर हातावर घिऊन जातं का? तुमच्या मायनं माझ्याकडं कशी आनली व्हती, इचारा."

शीला इतकी हसली की तिला ठसका लागला. तेव्हापासून आमच्या घरात टपलला पुडाच म्हणतात.

मग खरा पुडा बांधला. तीन गोष्टी: क्षेत्र, पीक आणि चारीच्या तोंडापासूनचं अंतर. प्रत्येक गोष्ट कसली आहे हे एकेका अक्षराने सांगायचं. क्षेत्राला डी, म्हणजे दशांशाचा आकडा. पिकाला एस, म्हणजे अक्षरं. अंतराला आय, म्हणजे पूर्ण आकडा. क्रमही तोच पाहिजे, नाहीतर अंतराला पीक समजून बसेल. ही ओळ मी स्वतः लिहिली. शीला कीबोर्डकडे हात नेत होती, मी म्हटलं, थांब. या घराचा यजमान कोण?

चाललं! पायथॉनने तास सांगितले, माझ्या प्रोग्रामने ते छापले. एवढा आनंद मला क्लास उघडला त्या दिवशीही झाला नव्हता. त्याच झोकात मी नियमाचा जुना भाग सीमधून एका फटक्यात खोडून टाकला. आता त्याचं काय काम?

२० नोव्हेंबर

मध्ये भारनियमनाने आठवडा खाल्ला.

आज नवीच अडचण. पंधरा-वीस शेतकरी झाले की ठीक, पण सगळी चारी लावली की मशीन जड होत जातं. शीलाने कारण सांगितलं. पायथॉनकडून आपण जे जे मागून घेतो, पुडा काय, उत्तर काय, ते वापरून झालं की "झालं माझं" असं सांगावं लागतं. नाहीतर तो बिचारा ते आपल्यासाठी राखून ठेवतो. माझ्या प्रोग्रामने प्रत्येक शेतकऱ्यापाठी दोन-दोन वस्तू मागून घेतल्या होत्या आणि परत एकही केली नव्हती.

हे मात्र मला लगेच पटलं. लग्नाला समाजमंदिरातली पातेली नेतात आणि वर्षभर आपल्याच घरात ठेवतात, अशी दोन घरं मी सांगू शकतो. नावं लिहीत नाही.

२७ नोव्हेंबर

पाळीपत्रक छापलं आणि संस्थेच्या दाराला लावलं. लोक वाचायला जमले होते. शेपटाकडची माणसं खूश दिसली, तोंडाकडच्यांनी आपापले तास दोनदा मोजले. ज्ञानबा चेअरमन म्हणाले, "सर, मशीन नवी घेतली काय?" मी म्हटलं, "मशीन जुनीच. निस्ता नियम नव्या भाषेत हाय. भाचीनं लिवलाय." शीलाचं नाव घेताना माझा आवाज जरा चढला असेल. चढू दे.

शीला हल्ली पायथॉनचा सराव फार करते. परवा तिच्या पडद्यावर बघतो, तर अख्ख्या चारीचं पाळीपत्रक! माझ्या प्रोग्रामशिवाय! म्हटलं, "हे काय गं?" तिने खिडकी पटकन बंद केली. "काई न्हाई मामा, निस्ता सराव हाय." मेहनती पोरगी आहे. पण एवढा सराव करून डोळे कशाला खराब करायचे?

६ डिसेंबर

आज कम्प्युटरला हात लावला नाही. विहारात अभिवादनाला गेलो. शीलाने तिथे लहान लेकरांना शाळेबद्दल चार शब्द सांगितले, छान बोलली. मागे बसलेल्या अनुसयाचे डोळे भरून आले होते. माझेही, पण मी धुळीवर ढकललं.

परवापासून चारीला पाणी सुटलं आहे.

८ डिसेंबर

आज सकाळी सत्यभामाबाई दारात. तिची मेंढरं आहेत, चारीच्या शेपटाला थोडं रान आहे, त्यात यंदा गहू आहे. बाई जिभेची तिखट. उंबऱ्याबाहेरूनच सुरू झाली.

"सर, तुमच्या मशिनीला डोळे हायत का न्हाईत? माझ्या बांधाला लागून किसनसिंगचं रान. दोन एकर गहू. त्याला आठ तास पानी. मला साडेपाच बी न्हाई. माझं रान त्याच्याहून निस्तं पाच गुंठे कमी हाय! पाच गुंठ्यापायी अडीच तास कापले का?"

"बाई, मशीन चुकत न्हाई," मी म्हणालो.

"मंग मी खोटं बोलून राहिले का? चला माझ्या रानात. खालच्या दोन पट्ट्या कोरड्या ठाक हायत. पिवळा पडून राहिला गहू."

मी गेलो नाही. शीला गेली. परत आली तेव्हा पायजम्याला गुडघ्यापर्यंत माती होती आणि चेहरा उतरलेला. म्हणाली, "मामा, बाई खरं सांगून राहिली."

९ डिसेंबर

पत्रक घेऊन बसलो. तक्रार सगळ्यांची नाही. कुणाला पाणी बरोबर मिळालं, कुणाला कमी. जास्त कुणालाच नाही. मी शीलाला म्हटलं, "तुझ्या पायथॉनमधेच काहीतरी आहे. माझा प्रोग्राम आठ वर्षं चालतोय, त्याने कधी कुणाचं पाणी खाल्लं नाही."

ती बराच वेळ यादीकडे बघत होती. मग विचारलं, "मामा, सत्यभामाबाईचं क्षेत्र तुमच्या फाइलीत कसं लिवलंय?"

"एक टिंब पस्तीस. एक एकर पस्तीस गुंठे. त्यात काय विचारायचं?"

तिने माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. म्हणाली, "काई न्हाई. माझ्याच फंक्शनमदी दुरुस्त करते. म्होरच्या पाळीला बराबर येईल."

पोरीने चूक मान्य केली. मी मोठ्या मनाने काही बोललो नाही. नवी भाषा, नवं लेकरू, चुकायचंच. मीही तिच्या वयात चुकलो असतो.

११ डिसेंबर

ज्ञानबा क्लासावर आले. औंढ्याला बाजाराचं काम होतं म्हणाले, पण बाजाराची पिशवी रिकामीच होती.

"सर, लोक लई बोलून राहिलेत. पोरीच्या हातात पाळी दिली आन घोळ झाला म्हनतेत. येत्या अठराला बैठक घेतो. पुन्यांदा हातानं पत्रक काढावं असं समद्यांच्या मनात हाय. तुमची आठ वर्षाची इज्जत हाय, ती मला घालवायची न्हाई. म्हनून आधी सांगून राहिलो."

मी विचारलं, "सत्यशीलाला बोलावणार ना?"

"सभासदांची बैठक हाय सर. पोरीचं काय काम?"

आमच्याकडे बैठकीचं बोलावणं अंगद पाटकरी घरोघर जाऊन देतो. कालव्याची दारं उघडणं-लावणं हे त्याचं मुख्य काम, पण बोलावणंही तोच फिरवतो. दारात उभा राहून ज्याचं नाव घेईल, त्याने यायचं. नाव घेतलं नाही तर शेजारी असूनही कुणी जात नाही. शीलाचं नाव तो घेणार नव्हता.

मीही जास्त ताणलं नाही. तिच्याच भल्यासाठी. चारचौघांत तिला कुणी काही बोललं असतं तर मला सहन झालं नसतं.

१३ डिसेंबर

आज मला झोप लागणार नाही.

बैठकीत दाखवायला म्हणून मी मागच्या वर्षीचा प्रोग्राम सीडीवरून काढला. म्हटलं, लोकांना दाखवू की माझ्या सीने बरोबर सांगितलं असतं. यंदाचाच हिशेब त्यात घातला आणि सत्यभामाबाईचं रान लावलं. साडेसात तास! बघा, म्हटलं. आठ वर्षांचा प्रोग्राम तो!

मग मनात आलं, हा बरोबर का सांगतो आणि तो चूक का? नियमाचा जुना भाग उघडला. तोच, जो मी बारा नोव्हेंबरला झोकात खोडला होता. त्याच्या पहिल्याच ओळीत टिंबाच्या आधीचा आकडा वेगळा काढला होता, नंतरचा वेगळा, आणि नंतरच्याला चाळीसने भागून एकरात मिळवलं होतं. वर माझ्याच हाताने १९९७ साली शेरा लिहिलेला: गुंठे विसरू नये.

विसरलो.

आमच्या भागात दोन टिंब वीस असं लिहिलं तर लहान पोरगंही सांगेल की हे अडीच एकर. चाळीस गुंठ्यांचा एकर, वीस गुंठे म्हणजे अर्धा. पण मी पायथॉनला डी म्हणून सांगितलं, हा दशांशाचा आकडा आहे. त्याने दशांश मानला. त्याच्या लेखी दोन टिंब वीस म्हणजे दोन एकर आणि जरासं वर. सत्यभामाबाईचं एक पस्तीस म्हणजे पावणेदोनच्याही वर, पण त्याला ते दीड एकराच्याही आत दिसलं. ज्यांची रानं सरळ दोन एकर, तीन एकर होती, त्यांना पाणी बरोबर मिळालं. ज्यांना गुंठे होते, त्या सगळ्यांचे गुंठे मी खाल्ले.

पायथॉनने कुरकुरही केली नाही. करणार कशी? पुडा बरोबर बांधला होता, क्रम बरोबर होता, अक्षरं बरोबर होती. आत भलतंच घातलं होतं, एवढंच.

आणि ती ओळ मी शीलाला लिहू दिली नव्हती.

१४ डिसेंबर

सकाळी तिची फाइल उघडली. फंक्शनमध्ये तिने दुरुस्ती करून ठेवली होती. आलेल्या आकड्याचे टिंबावर दोन तुकडे करून गुंठे वेगळे केले होते. वर शेरा: मामांकडून क्षेत्र एकर-गुंठे असं येतं.

चूक असं लिहिलं नव्हतं. येतं, एवढंच.

शीला अंगणात अनुसयासोबत शेंगा फोडत होती. मी विचारलं, "तुला नऊ तारखेलाच कळलं व्हतं?"

"व्हय."

"मग बोलली काहून न्हाईस?"

तिने हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "त्या ओळीला तुमी मला हात लावू दिला न्हवता मामा. मी काय बोलू?"

"गाव तुझ्या नावानं बोलून राहिलं!"

"माझं काय, मी आज हाय, उद्या नोकरीला जाईन. तुमाला इथंच ऱ्हायचं हाय. बैठकीत बी तुमीच जानार. मला कुठं बोलावणं हाय?"

अनुसयाने माझ्याकडे बघितलं. ही बाई मला वीस वर्षं टोमणे मारत आली, आज एकही मारला नाही. तेवढ्यानेच मी पुरता मेलो. मला माझी लाज वाटली, आणि त्याच क्षणी या पोरीचा फार अभिमान वाटला. मी सुपातले दोन दाणे तोंडात टाकले आणि क्लासला गेलो.

१८ डिसेंबर, रविवार

बैठक झाली. जसं घडलं तसं लिहितो.

ज्ञानबांनी सुरुवात केली की नव्या भाषेने घोळ झाला, पोर नवखी आहे, सरांचा त्यात दोष नाही. माना हलल्या. माझी सुटका आयती समोर आली होती. नुसतं गप्प बसायचं होतं.

मी उठलो. म्हणालो, "चूक पोरीची न्हाई. तिच्या फंक्शननं जे इचारलं त्याचं मी उत्तर दिलं, आन ते चुकीचं दिलं. एक एकर पस्तीस गुंठे मी त्याला एक टिंब पस्तीस म्हनून सांगितलं. त्याला आपले गुंठे काय ठाऊक? त्यानं टिंबाचा सरळ हिशेब धरला. टिंब माझं हाय. ओळ माझ्या हातची हाय. जुन्या प्रोग्राममधी गुंठ्याचा हिशेब व्हता, तो बी मीच खोडला."

ज्ञानबा समोरचं पत्रक उचलून पुन्हा वाचू लागले.

मग सत्यभामाबाई मागून बोलली. तिचा नवरा वारल्यापासून ती स्वतः सभासद आहे, बैठक चुकवत नाही. "मंग तुमी त्या लेकराला काहून बोल लावला? माझ्या रानात गुडघाभर गाळात ती आली व्हती. तुमच्यातलं कोनी आलं व्हतं का? तिला बोलावा की हितं!"

"सभासद न्हाई ती," ज्ञानबा म्हणाले.

मी म्हणालो, "चेअरमनसाहेब, नियम ठरला तवाच तिला इथं बोलावलं असतं तर पहिल्याच दिवशी तिनं इचारलं असतं, तुमच्याकडं क्षेत्र कसं लिवतेत? मी तिला माझ्या ओळीजवळ येऊ दिलं न्हाई, तुमी बैठकीजवळ. दोघांचं बी एकच झालं."

हे मी बोललो यावर माझाच विश्वास बसत नाही.

बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं की आणखी एक पाळी प्रोग्रामने काढायची. पहिल्या पाळीत ज्यांचं पाणी कमी पडलं, त्यांना तेवढं दुसऱ्या पाळीत आधी द्यायचं. हीही चुकली तर कायमचं हाताने.

घरी आलो तर शीला दारातच उभी. म्हटलं, "सांगितलं." तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. जेवताना माझ्या ताटात तिने स्वतःहून तीनदा वाढलं.

२० डिसेंबर

आज ती ओळ बदलली. शीला म्हणाली होती, तिच्या दुरुस्तीने चालेल. मी म्हटलं, नाही. ज्याने चुकीचं दिलं त्यानेच बरोबर द्यायचं. आकडा टिंबावर तोडायचा म्हणजे तिकडे त्याने माझ्या मनातलं ओळखायचं, आणि माझ्या मनातलं ओळखायला तो काय अनुसया आहे?

फाइलीतून टिंबच काढून टाकलं. एकर वेगळा, गुंठे वेगळे, दोन्ही पूर्ण आकडे. डी गेला, दोन आय आले. आता पुड्यात चार गोष्टी: एकर, गुंठे, पीक, अंतर. शीलाने तिकडे फंक्शनमध्ये चार नावं त्याच क्रमाने लिहिली आणि गुंठे चाळीसच्या वर आले तर ओरडायचं, असंही घातलं. मी मुद्दाम पंचेचाळीस देऊन बघितले. ओरडलं. फार बरं वाटलं.

आणि या वेळी ती ओळ मी बोललो, तिने लिहिली.

राहिलेल्या पाण्याचा हिशेब तिने नियमात दुपारच्या चहापर्यंत घातला. माझ्या सीला हातही लावावा लागला नाही. "तुमचा प्रोग्राम जसाच्या तसा हाय मामा," ती म्हणाली. किती जपते माझ्या प्रोग्रामला! मी तिला म्हटलं, तो सरावही आता थांबव, डोळ्यांना विश्रांती दे. तिने मान डोलावली आणि हसली.

९ जानेवारी २००६

दुसरी पाळी संपली. मी स्वतः चारीच्या तोंडापासून शेपटापर्यंत चालत गेलो. आठ वर्षांत हे मी कधी केलं नव्हतं. छापायचं आणि दाराला लावायचं, एवढंच माझं काम समजत होतो.

सत्यभामाबाईच्या खालच्या पट्टीत पाणी उभं होतं. मेंढरं बांधावर चरत होती. मी विचारलं, "बाई, बराबर हाय का?"

"बराबर हाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "किसनसिंगला कमी तर न्हाई झालं?"

किसनसिंगकडे गेलो. त्याचंही बरोबर होतं. कुणाचीच तक्रार नाही. संध्याकाळी ज्ञानबा रस्त्यात भेटले, नुसता हात उंच केला. आमच्या चेअरमनचा हात असा वर गेला म्हणजे पुष्कळ झालं.

१५ जानेवारी, रविवार

सकाळी अंगद पाटकरी दारात. पलीकडच्या चारीची माणसं आमच्या संस्थेत येणार आहेत, त्यांनाही असंच पत्रक काढायचं आहे, म्हणून चेअरमनने बोलावलंय, असं तो म्हणाला. मी खुंटीवरचा पांढरा शर्ट काढला.

अंगद घुटमळला. "सर, तुमी बसा. तुमचं नाव न्हाई सांगितलं. बोलावणं सत्यशीलाबाईला हाय. नियम तिनं लिवलाय, तर तिलाच इचारायचं म्हनतेत."

अनुसया आतून मोठ्याने हसली. शर्ट माझ्या हातात तसाच. मला वाईट वाटायला हवं होतं बहुतेक. मी वाट बघितली, पण वाईट वाटेना. दारात उभं राहून संस्थेच्या माणसाने आमच्या पोरीचं नाव घेतलं होतं, पूर्ण नाव, बाई लावून.

शीला ओढणी नीट करत बाहेर आली. "येते म्हना," ती म्हणाली. "पन चेअरमनला सांगा, मला निस्तं बोलावून चालत न्हाई. संगं पुड्यात मामा द्यावे लागतेत."

अंगदला काही समजलं नाही. मला समजलं. मी शर्ट घातला.

चारीच्या कडेने निघालो, ती पुढे, मी मागे. सत्यभामाबाईने मेंढरांमधून बघितलं आणि ओरडली, "सर, आज कोनाच्या मागं निघाले?"

"भाचीच्या!" मी म्हणालो, आणि किसनसिंगच्या रानापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो.